शॉर्टवेव्ह ऐकणं आणि हॅम रेडिओ: गोव्यातून सारखे येणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. फोनवर तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं आणि मग समोरचा चुकीचा सेट घेऊन बसतो किंवा माडाला खिळे ठोकतो. आधी ऐकण्याचे प्रश्न आहेत, मग बोलण्याचे, आणि शेवटी अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली की तिथे नंबर दिलाय.

१. शॉर्टवेव्ह म्हणजे नेमकं काय? आमच्या एफएमवर पणजी लागतंच की.

एफएमच्या लहरी सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं, म्हणूनच घाटाजवळच्या गावांत एफएम तुटतं. शॉर्टवेव्ह म्हणजे ढोबळपणे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, आणि या लहरी वर आयनोस्फिअरपर्यंत (आकाशातला विद्युतभारित थर) जातात, तिथून वळून परत जमिनीवर येतात, पुन्हा वर जातात, असं करत हजारो किलोमीटर जातात. मध्ये ना केबल लागते ना टॉवर ना इंटरनेट. रोमानियातला माणूस बोलतो आणि तुम्ही सोप्यावर बसून ऐकता, मधलं सगळं काम आकाश करतं.

२. पण आता तिथे ऐकायला उरलंय काय? सगळी स्टेशनं बंद झाली ना?

बरीच झाली, खोटं कशाला सांगू. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं तेव्हा कितीतरी घरांतला संध्याकाळचा रेडिओ गप्प झाला. पण बँड रिकामा नाही. चीनची परदेशी प्रसारणं पावलोपावली लागतात, बीबीसीचं इंग्रजी मिळतं, रेडिओ रोमानिया आणि व्हॅटिकन रेडिओ मिळतात. चीनचं बीपीएम नावाचं वेळ सांगणारं स्टेशन १० मेगाहर्ट्झवर टिकटिक करत असतं. आणि हॅम लोक आहेत, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून रेडिओवर एकमेकांशी बोलणारे. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर देशभरातले हॅम एकमेकांना हाका मारतात ते ऐकण्यासारखं असतं (त्यासाठी सेट कसा हवा ते प्र. ४ मध्ये).

३. नुसतं ऐकायला लायसन्स लागतं का?

नाही. घरात रेडिओ ठेवायलासुद्धा लायसन्स लागायचं तो जमाना कधीच गेला. रेडिओ स्टेशनं खुशाल ऐका. मात्र पोलीस, नौदल, विमानतळ यांचं आपसातलं बोलणं आपल्यासाठी नसतं, ते कानावर पडलं तरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं नाही. वास्को-दाबोळीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा, शेजारी नौदलाचा तळ आहे.

४. नवीन माणसाने कुठला सेट घ्यावा?

एकच अट सांगतो, सेटमध्ये एसएसबी (सिंगल साइडबँड) असलंच पाहिजे. ते नसेल तर हॅम लोकांचं बोलणं तुम्हाला कधीच कळणार नाही (का ते प्र. ५ मध्ये). टेकसनचा पीएल-३३० किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८ हे दोन्ही हातात मावणारे आहेत, एसएसबी आहे आणि बाहेरची अँटेना लावायची सोय पण आहे. बाजारात यूएसबी, ब्लूटूथ, टॉर्च असं सगळं घातलेले '१२ बँड' लिहिलेले स्वस्त सेट मिळतात, त्यांत स्टेशनं एकमेकांत मिसळतात आणि माणूस महिन्याभरात कंटाळून तो सेट कपाटात टाकतो. महागाचा सेट घ्यायचीही घाई नको. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा साध्या सेटवर, दुसरा तारेवर, आणि तिसरा खर्च करायच्या आधी सहा महिने ऐकायचं.

५. काही स्टेशनवर बदक बोलल्यासारखा आवाज येतो, सेट बिघडलाय का?

सेट चांगला आहे, ते एसएसबी आहे. साध्या एएममध्ये आवाजाच्या दोन बाजू आणि मधोमध एक वाहक लहर असते. हॅम लोक वाहक आणि एक बाजू काढून टाकतात म्हणजे सगळी ताकद उरलेल्या एका बाजूत जाते आणि जागाही कमी लागते. तुमच्या सेटला तो काढलेला वाहक परत घालावा लागतो, ते काम एसएसबीचं बटण करतं. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू, पेनड्राइव्हचं यूएसबी नव्हे), असा रिवाज आहे. बटण दाबून फाइन ट्यूनिंग अगदी हळू फिरवा, बदकाचा माणूस होतो. पहिल्यांदा असा आवाज जुळला की अंगावर काटा येतो, मला अजून ती संध्याकाळ आठवते.

६. कुठल्या वेळी कुठे शोधायचं? मी दुपारी लावतो तर काहीच नाही.

दुपारी आयनोस्फिअरचा खालचा थर, त्याला डी थर म्हणतात, खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून दिवसा वर जायचं: १९ मीटरचा बँड म्हणजे १५ मेगाहर्ट्झच्या पुढे, १६ मीटर म्हणजे १७.५ च्या पुढे. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि ४९, ४१, ३१ मीटर (साधारण ६, ७ आणि ९.५ मेगाहर्ट्झ) जिवंत होतात. अजून एक गंमत स्वतः करून बघा. संध्याकाळी आपल्या पूर्वेला आधी रात्र झालेली असते त्यामुळे खालच्या बँडवर आधी पूर्वेकडची स्टेशनं उठतात, आणि पहाटे उलटं होतं, इकडे उजाडायला आलं तरी पश्चिमेला अजून अंधार असतो म्हणून आफ्रिका-युरोप शेवटपर्यंत टिकून राहतं. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आधीचा तास मला सगळ्यात आवडतो.

सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं, त्याचाही परिणाम होतो. सध्याचं २५ वं चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला पोचलं. डाग जास्त तेव्हा वरचे बँड छान चालतात, ओसरले की खालच्या बँडवर जास्त भर द्यायचा.

७. घरात फक्त खरखर येते, स्टेशन एकही नाही. सेट परत करू का?

थांबा! दहातल्या आठ जणांचा सेट चांगलाच असतो, खरखर घरातली असते. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, यांच्यातल्या स्विचिंग सर्किटमुळे शॉर्टवेव्हवर कचरा पसरतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. सेट बॅटरीवर चालवा आणि एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ठेवून मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा, कुठल्या खोलीत वाढते ते कळेल. मी हे फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी केलं तेव्हा स्वयंपाकघराचा एमसीबी वर केला की करवतीसारखा आवाज यायचा. फ्रिज काढून बघितला, मिक्सर काढला, काही फरक नाही, आणि शेवटी सापडलं काय तर भिंतीला नुसताच टोचून ठेवलेला एक चार्जर, ज्याला फोनसुद्धा लावलेला नव्हता. तो उपटला आणि ३१ मीटरवर एकदम चार स्टेशनं उभी राहिली. बाकी जे उपकरण बदलता येत नाही त्याच्या वायरला फेराइटचा मणी लावा, वायर त्यातून चार-पाच वेढे काढून घ्या, बराच फरक पडतो.

शेजाऱ्यांकडून येणारा आवाज असेल तर भांडू नका, सेट घेऊन जा आणि त्यांना ऐकवा. एका घरी मी स्वतः चांगला बल्ब नेऊन बसवून दिला, प्रश्न मिटला. चतुर्थीत गणपतीवरच्या माटोळीभोवती आणि दिवाळीत तुळशीजवळ एलईडीच्या माळा लागतात तेव्हा मात्र काही इलाज नाही, ते दिवस सेट घेऊन समुद्रावर जा. रात्री केरीच्या किंवा मोरजीच्या वाळूवर, विजेच्या तारांपासून लांब, नुसत्या टेलिस्कोपिक अँटेनावर जे ऐकू येतं ते घरात वीस मीटर तारेवर येत नाही.

८. अँटेना कशी बांधू? आमच्याकडे माड आहेत.

मग तुम्ही नशीबवान आहात. फक्त ऐकण्यासाठी १० ते १५ मीटर साधी प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची वायर पुरते, एक टोक माडाला, दुसरं खिडकीत, जमेल तितकी उंच आणि घराच्या वायरिंगपासून लांब. बोलायचं असेल (प्र. १३) तर मापात कापावी लागते. डायपोलची (मधोमध तोडलेली, दोन सारख्या हातांची तार) पूर्ण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २० मीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा. थोडी लांब कापा आणि मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) लावून छाटत या, कापलेली वायर परत वाढत नाही.

माडावर नवखे चुकतात ते असं की तार ताठ बांधतात. वाऱ्यात माड दीड-दोन फूट सहज झुलतो आणि पहिल्याच वादळात तार तुटते. पाडेली नारळ पाडायला येतो तेव्हा त्यालाच सांगून वर एक छोटी कप्पी बांधून घ्या, त्यातून नायलॉनची दोरी, दोरीच्या एका टोकाला तार आणि दुसऱ्या टोकाला लोंबकळणारा दगड. माड हलला की दगड वरखाली होतो, तारेला ताण येत नाही. सुंभाची दोरी वापरू नका, दोन पावसाळ्यांत कुजते. माडाला खिळा तर मुळीच नको, त्या भोकातून कीड शिरते. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: विजेच्या लाइनच्या वरून किंवा जवळून तार कधीच टाकायची नाही, तुटली तर कुठे पडेल याचा विचार आधी करायचा.

किनाऱ्याजवळ खारी हवा तांबं हिरवं करते. जोड डाखून घ्या, वर सेल्फ-फ्यूजिंग टेप आणि त्यावर साधी टेप. कोअॅक्सच्या उघड्या टोकातून पाणी शिरलं की केबल आतून काळी पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून टोक खाली वळवून एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. ऐकण्यापुरती डिश टीव्हीची आरजी-६ केबल चालते.

९. मी फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटी तार लावू देत नाही.

बाल्कनीत लूप अँटेना लावा, साधारण मीटरभर व्यासाचं कडं. ते फिरवून आवाजाच्या उगमाकडे त्याची 'आंधळी' बाजू करता येते, त्यामुळे फ्लॅटमध्ये लांब तारेपेक्षा लूप बऱ्याचदा सरस ठरतं. तेही जमत नसेल तर प्र. ११.

१०. पावसाळ्यात काय करायचं?

वीज फक्त जून-जुलैत पडते असं नाही, आपल्याकडे मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबर जास्त धोक्याचे. गडगडाट ऐकू येण्याआधीच शॉर्टवेव्हवर कडकड सुरू होते, ती ऐकली की अँटेना सेटपासून काढा आणि टोक खिडकीबाहेर टाका. घरात टेबलावर ठेवलेलं टोक म्हणजे काढलेलं नव्हे. बाजारातला अरेस्टर जवळपास पडलेल्या विजेचा झटका कमी करतो, थेट पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही. चार महिने सेट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि बॅटरी काढून, नाहीतर पाझरून आतल्या पट्ट्या खाते.

११. सेट न घेता फोनवर ऐकता येतं का?

हो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (लांबून ब्राउझरमध्ये फिरवता येणारा तिथला रेडिओ) इंटरनेटवर सगळ्यांना मोकळा आहे, शिवाय जगभर किवीएसडीआर आहेत. एसएसबी जुळवायचा सराव तिथे फुकटात होतो. पण ती अँटेना तिकडची, आकाशही तिकडचं. आपल्या अंगणात काय पोचतं ते आपल्या तारेवरच कळतं. कॉम्प्युटर असेल तर आरटीएल-एसडीआर हा कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर घेऊन सुरुवात करता येते.

१२. रिसेप्शन रिपोर्ट आणि क्यूएसएल कार्ड म्हणजे काय?

तुम्ही स्टेशनला कळवायचं की तुमचा आवाज आमच्याकडे असा आला, ते बदल्यात पुष्टीचं कार्ड पाठवतात. तारीख, फ्रिक्वेन्सी, तुमचा सेट आणि अँटेना, निदान पंधरा मिनिटांचा तपशील, आणि सिन्पो म्हणजे ताकद, अडथळा, वातावरणाचा आवाज, चढउतार आणि एकूण दर्जा यांचे १ ते ५ मधले पाच आकडे. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) लिहायची, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. पहाटे चारला ऐकलं तर यूटीसीत आदल्या दिवशीचे साडेदहा होतात, तारीख पण बदलते, इथे खूप जण चुकतात. खराब ऐकू आलं तर तसंच लिहा, खोटे ५५५५५ त्यांच्या काही कामाचे नसतात.

१३. मला बोलायचंय. लायसन्स कसं मिळतं?

केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा हॅमचं लायसन्स देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. वय निदान १२ हवं. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम हे दोन विषय. दोन ग्रेड आहेत: रिस्ट्रिक्टेड, ज्यात साधारणपणे व्हीयू-३ ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं आणि मोर्स लागत नाही, आणि जनरल, ज्याचं व्हीयू-२ असतं आणि पॉवर जास्त वापरता येते. राजीव गांधींचं कॉलसाइन व्हीयू-२-आरजी होतं हे जुने हॅम अजून सांगतात. पासष्टीतले निवृत्त मास्तर आणि नववीतली मुलगी शेजारी बसून ही परीक्षा देऊ शकतात. पोलीस पडताळणी होते, वेळ लागतो, तेवढा वेळ ऐकण्यात घालवा. ज्याने वर्षभर ऐकलंय तो पहिल्या दिवशी माइकवर गडबडत नाही.

१४. लायसन्स यायच्या आधी स्वस्तातला चायनीज वॉकीटॉकी घेऊन ठेवला तर?

नको. भारतात ट्रान्समीटर नुसता बाळगायलाही परवाना लागतो, 'मी बटण दाबलंच नाही' हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून कायदेशीर असं नाही, २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या. विनापरवाना वापरायचंच असेल तर दोन जागा आहेत: सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॉटपर्यंत, आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे मान्यताप्राप्त छोटे सेट. ट्रेकिंगला किंवा शेतातल्या शेतात तेवढं पुरतं.

१५. स्वतः ट्रान्समीटर बनवता येतो का?

लायसन्स असेल तर येतो, आणि या छंदाचा खरा आनंद तिथेच आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा एसएसबी सेट २००३ मध्ये आराखड्यासकट सगळ्यांना खुला केला. इंपोर्टेड टोरॉइड (तार गुंडाळायची चुंबकीय कडी) मिळत नाहीत तर त्यांनी कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरले! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल अशा वस्तूतून जगभर पोचणारा सेट, हे वाचलं तेव्हा मला आपल्या देशाबद्दल फार बरं वाटलं. नंतर त्याचंच यूबिटएक्स हे किट आलं.

पहिलं ट्रान्समिशन अँटेनावर करायचं नाही, ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद उष्णतेत जिरवणारा रोध) करायचं. मागे लो-पास फिल्टर हवाच, नाहीतर ७ वर बोलताना १४ आणि २१ वर पण तुमची सावली पडते. एसडब्ल्यूआर २ च्या वर असेल तर पॉवर वाढवायच्या आधी अँटेना दुरुस्त करा.

१६. आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून घराघरांत ऐकवलं तर चालेल का? माझ्याकडे हॅम लायसन्स आहे.

हेतू चांगला, पण नाही. हॅम लायसन्सवर गाणी, नाटक, जाहिरात, धंद्याचं बोलणं यातलं काहीच पाठवता येत नाही, आणि एफएमचा पट्टा हॅमचा नाहीच. गावासाठी खरंच स्टेशन हवं असेल तर शिक्षणसंस्था किंवा सेवाभावी संस्थेमार्फत कम्युनिटी रेडिओचा वेगळा परवाना काढायचा असतो.

१७. गोव्याचा शॉर्टवेव्हशी काही संबंध आहे का, की आपण नुसते ऐकणारे?

फार मोठा आहे, आणि शाळेत तो पुरेसा शिकवत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पोर्तुगीज काळात १९४६ मध्ये एमिसोरा दे गोवा हे रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोंयच्या सोडवणेचो आवाज हे भूमिगत केंद्र चालवलं, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीजमधून, मुक्तीपर्यंत सहा वर्षं. ट्रान्समीटर ट्रकवर होता. त्या जंगलातल्या पावसात सेट कोरडा ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने प्र. १० मधली कामं केलीत त्याला जास्त कळेल. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याचं त्यांनी विमानातून लाउडस्पीकरवर सांगितलं. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे आकाशवाणी पणजीचे २५० किलोवॅटचे दोन शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर परदेशासाठीच्या कार्यक्रमांना वापरले जायचे, म्हणजे एकेकाळी जग पणजीला ऐकत होतं.

१८. बँड उघडाय की नाही हे पटकन कसं ओळखायचं?

यूएसबीत १४.१०० मेगाहर्ट्झच्या किंचित खाली जा. जगातले १८ बीकन (ठराविक खूण पाठवत राहणारी छोटी स्टेशनं) तिथे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद वाजतात, तीन मिनिटांत एक फेरी. त्यात कोलंबोचा फोर-एस-सेव्हन-बी आहे, आपला शेजारीच. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग चार लांब टोन: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि ०.१ वॉट. एका रात्री मला चौथा टोन पण ऐकू आला होता, अगदी श्वासाएवढा. एका वॉटचा दहावा हिस्सा, समुद्र ओलांडून!

१९. आमच्या ट्रॉलरवर हॅम सेट लावला तर खोल समुद्रातून घरी बोलता येईल का?

असं करू नका. बोटीवर मरीन व्हीएचएफ सेट हवा, त्याचं लायसन्स वेगळं, आणि संकटाची हाक १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल १६ वर द्यायची, कारण किनाऱ्यावर आणि बाकीच्या बोटींवर तिथेच कान लावलेला असतो. जीव धोक्यात असेल तेव्हा संकटातल्या स्टेशनने मिळेल ते साधन वापरावं, त्याला आंतरराष्ट्रीय नियम आड येत नाहीत. पण रोजच्या 'जेवलास का' साठी ती सवलत नाही.

२०. विदेशातून येणारा नातेवाईक रेडिओ किंवा सॅटेलाइट मेसेंजर घेऊन येतोय, चालेल ना?

नुसता ऐकायचा रेडिओ असेल तर खुशाल आणू दे. तो तिकडचा हॅम असेल आणि इथून बोलायचं असेल तर भारतातली परवानगी आधी घ्यायला हवी, तिकडचं लायसन्स इथे आपोआप चालत नाही. सॅटेलाइट फोन किंवा डोंगरात वापरतात तसला छोटा सॅटेलाइट मेसेंजर मात्र परवानगीशिवाय आणायचाच नाही. दाबोळी विमानतळावर यावरून पर्यटकांना पकडलेलं आहे, आणि त्यातल्या काहींना हा इथे गुन्हा आहे हे माहीतही नव्हतं. बॅगा भरायच्या आधी त्याला फोन करून सांगा, विमानात बसल्यावर उशीर होतो.